मजकूर तीनदा आलाय

मी आयुष्यभर प्रुफं तपासली. ‘मुद्रितशोधक’ हा भारदस्त शब्द पावतीवर लिहायला. छापखान्यात सगळे प्रुफंवालाच म्हणायचे. माझा मित्र जुळारी होता, म्हणजे कंपोझिटर. तो मला वेलांटीराव म्हणायचा, कारण ऱ्हस्व-दीर्घापायी मी त्याला बांधून झालेलं पान सोडायला लावायचो. तो खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचा, मी लाल शाईनं खुणा करायचो, मग तो शिव्या हासडत चिमट्यानं एक खिळा उपसून दुसरा बसवायचा. पुण्याच्या पेठेतल्या त्या छापखान्यात आमची सव्वीस वर्षं अशी गेली. पुढे ऑफसेट आलं, डीटीपी आलं, खिळे किलोच्या भावानं मोडीत गेले आणि आम्ही संध्याकाळी टपरीवर चहा पिणारे दोन म्हातारे उरलो.

गिलगामेश, म्हणजे मेसोपोटेमियातलं प्राचीन महाकाव्य आणि त्याचा नायक, आमच्यात आला तो खिळ्यांमुळेच. एकदा मोबाइलवर मातीच्या पाटीचा एक फोटो आला होता, मेसोपोटेमियातल्या खिळ्यांच्या लिपीचा. मी त्याला दाखवला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, “उजेड डावीकडून घेतलाय. बरोबर आहे. नाहीतर खोली दिसत नाही.” त्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण ओल्या मातीत बोरू तिरका टेकवून हे दाबलंय, ओढलेलं नाही, हे त्यानं मी सांगायच्या आत ओळखलं. उलटे खिळे वाचण्यात हयात गेलेला माणूस.

मग रोज थोडी थोडी गोष्ट. मी इंग्रजीतून वाचून यायचो आणि मराठीत सांगायचो. उरुकचा राजा गिलगामेश, दोन भाग देव आणि एक भाग माणूस, प्रजेला नकोसं केलेला. त्याला जोड म्हणून अरुरू देवीनं मातीचा गोळा चिमटून रानात टाकला आणि त्यातून एन्किदू झाला. आधी दोघांची झुंज, मग जिवाभावाची मैत्री. दोघांनी जाऊन देवदाराच्या जंगलाचा राखणदार हुंबाबा मारला, जंगल तोडलं, आकाशातला बैल मारला. मग देवांनी ठरवलं, दोघांपैकी एकानं मरायचं.

ज्या जॉर्ज स्मिथनं १८७२ मध्ये लंडनला या पाट्यांतली महापुराची कथा पहिल्यांदा वाचून काढली, तो आधी नोटांचे ठसे कोरणारा कारागीर होता, हे ऐकून माझा मित्र फार खूश झाला. “आपल्यातलाच निघाला की!” असं त्यानं टपरीवाल्यालाही सांगितलं. आणि इराकमधल्या सुलेमानियाच्या संग्रहालयानं २०११ मध्ये घेतलेल्या एका पाटीतून पाचव्या प्रकरणाच्या नव्या ओळी मिळाल्या, त्यात जंगलात माकडं ओरडतायत आणि एन्किदू म्हणतोय की गड्या, आपण जंगलाचं वैराण करून टाकलं, हे सांगितल्यावर तो म्हणाला, “म्हणजे प्रुफं अजून येतायत. पुस्तक छापायला गेलेलंच नाही.”

मग तो आजारी पडला. एन्किदू बारा दिवस अंथरुणावर होता, हा सात महिने. मी त्याच्या खाटेशी बसून सातवी पाटी सांगितली, तेव्हा त्याच्या सुनेनं मला डोळ्यांनी खूण केली की हे कशाला. पण त्याला तीच हवी होती. एन्किदू मरताना सगळ्यांना शिव्याशाप देतो: आपण घडवलेल्या देवदाराच्या दाराला, पहिल्यांदा आपल्याला पाहणाऱ्या पारध्याला, रानातून माणसांत आणणाऱ्या शमहतला. मग सूर्यदेव शमश समजावतो, की अरे, तिनंच तुला गिलगामेशसारखा मित्र मिळवून दिला; आणि तो शाप फिरवून तिला आशीर्वाद देतो. “मरताना शिव्या घालणारा नायक पहिल्यांदा ऐकला,” मित्र म्हणाला. “आमच्या कीर्तनात सगळे हात जोडून जातात.”

दहावी पाटी सांगितली त्या दिवशी तो थकलेला होता. मित्र गेल्यावर गिलगामेश सिंहाचं कातडं पांघरून रानोमाळ भटकतो. वाटेत मद्य विकणारी सिदुरी भेटते. ती त्याला बघून आधी दाराला अडसर घालते आणि गच्चीवर जाते. मग विचारते, की तुझे गाल का असे बसलेत, तोंड का उतरलंय, लांबच्या वाटेनं आल्यासारखा का दिसतोस? तो उत्तर देतो. पुढे नावाडी उर-शनबी भेटतो, तोही तेच विचारतो आणि त्याला तेच उत्तर मिळतं. शेवटी महापुरातून वाचून अमर झालेला उता-नपिश्ती भेटतो. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, तेच शब्द. मी तिसऱ्यांदा सांगायला लागलो तसा मित्र डोळे न उघडता म्हणाला, “वेलांटीराव, मजकूर डबल झालाय. डबल कसला, तिबल. तू इथं असतास तर काट मारली असतीस.”

मारली असती. जुळाऱ्याची नजर एका ओळीवरून सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या ओळीवर घसरते आणि परिच्छेद पुन्हा जुळवला जातो. असले डबल शोधायचे मला पैसे मिळायचे.

पावसाच्या तोंडावर तो गेला.

मित्राचं सुतक नसतं. त्याच्या घरी देवपूजा बंद झाली, भावकीतले लांबचे, त्याला वर्षानुवर्षं न भेटलेले चुलतभाऊ दहा दिवस सुतक पाळत होते. मी वैकुंठ स्मशानभूमीतून घरी आलो, अंघोळ केली, संध्याकाळी बायकोनं पिठलं-भात वाढला. दोन दिवसांनी शेजारी सत्यनारायण होता, मी प्रसाद घेतला. शास्त्राप्रमाणे काहीच चुकलं नव्हतं. दहाव्याला ओंकारेश्वरावर गेलो. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. नातेवाईक सुटल्यासारखे हसले. मला खरं सांगायचं तर रागच आला. काहीच कसं राहिलं नव्हतं याचं?

भाषांतराला बसलो तो श्रावणात. मन रमवायला वगैरे नाही. “हे मराठीत नीट जुळवायला पाहिजे कुणीतरी,” असं तो एकदा म्हणाला होता आणि माझ्याकडे वेळ होता. सगळं काव्य करायची माझी ऐपत नाही. मूळ बारा पाट्या, तीनेक हजार ओळी. मी फक्त ते उत्तर घेतलं, गिलगामेश तीनदा देतो ते. इंग्रजीवरून करायचं नाही, पाट्यांच्या मूळ अक्कादी भाषेतल्या शब्दाला हात लावायचा, एवढंच ठरवलं. म्युनिक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाट्यांचे फोटो आणि रोमन लिपीतलं वाचन फुकट मिळतं. अँड्र्यू जॉर्ज यांनी २००३ मध्ये संपादित केलेले दोन खंड एका ग्रंथालयात बसून पाहिले. आणि शिकागो विद्यापीठाचा अक्कादी कोश. तो १९२१ साली हाती घेतला गेला आणि २०११ मध्ये पुरा झाला. नव्वद वर्षांत त्याची प्रुफं किती जणांनी तपासली असतील आणि त्यातले किती जण शेवटचा खंड बघायला उरले असतील, हा विचार मला व्याकरणापेक्षा जास्त वेळ गुंतवून ठेवायचा.

मला अक्कादी येते असं मी म्हणणार नाही. एकाच खुणेचे चार उच्चार, शिवाय ती कधी उच्चार असते तर कधी त्याहून जुन्या सुमेरी भाषेतला आख्खा शब्द. ‘अन’ ही खूण कुठे आकाश, कुठे देव, कुठे नुसता ध्वनी. पहिले दोन महिने मी रोज एक शब्द करत होतो. पण पहिला ओळखता आलेला शब्द अजून डोळ्यांसमोर आहे. दोन खुणा: इब, री. इब्री, म्हणजे ‘माझा मित्र’. तो ‘माझा’ वेगळा लिहावा लागत नाही, शब्दातच असतो.

आता मराठीत काय? ‘मित्र’ लिहिलं तर शाळेच्या निबंधासारखं वाटलं. ‘सखा’ म्हटलं की मागून बासरी ऐकू येते. ‘गडी’ मला आवडत होता, पण राजानं म्हटल्यावर शेतावरचा गडी वाटायला लागला. ‘दोस्त’ ठेवला. फारसीतून आलेला असेल, पण पेठेत आम्ही तोच म्हणायचो.

पुढचा शब्द ‘अरम्मु’, ज्याच्यावर मी प्रेम करतो तो. ओळ सरळ आहे: माझा दोस्त, ज्याच्यावर माझं प्रेम. मराठीत दोन पुरुषांच्या मैत्रीबद्दल लिहिताना पेन अडलं. सव्वीस वर्षांत आम्ही एकमेकांना तसलं काही म्हटलेलं नाही. वाढदिवसाला शुभेच्छासुद्धा दिल्याचं आठवत नाही. तीन दिवस नुसता बसलो. मग ‘ज्याला मी जीव लावला’ असं लिहिलं. जीव लावला म्हणायला लाज वाटत नाही.

काही शब्द आयते मिळाले. माणसाच्या नशिबी असतं ते त्याच्यापर्यंत पोचलं, यातला धातू ‘कशादु’: पोचणे, धरणे, जिंकणेसुद्धा. मराठीत ‘गाठणे’ आहे. माणसाच्या नशिबानं त्याला गाठलं. आणि ‘अमात इब्रीया कब्तत एलीया’. ‘अमातु’ म्हणजे शब्द आणि घडलेली बाबही. आपली ‘गोष्ट’ तशीच दोन्हीकडे चालते. माझ्या दोस्ताची गोष्ट मला जड झालीये. ही ओळ चहा निवायच्या आत झाली.

अळीवर मात्र आठवडा गेला. सहा दिवस आणि सात रात्री मी त्याच्यावर रडलो, त्याला पुरायला दिलं नाही, त्याच्या नाकातून अळी गळून पडेपर्यंत. इंग्रजीत वाचताना ही ओळ मी मित्राला सांगितली नव्हती. गाळली होती, चक्क. त्याच्या सुनेच्या डोळ्यांकडे बघून. आता ‘किडा’ लिहावं की ‘अळी’? ‘किडा’ लिहून पाहिलं. किडा कुठूनही येऊन बसू शकतो. अळी आतून येते. अळी लिहिलं आणि त्या दिवशी पुढे काम केलं नाही.

याच जागी जुन्या, इसवी सनापूर्वी अठराव्या शतकाच्या सुमाराच्या बाबिलोनी पाटीत आणखी एक वाक्य आहे. गिलगामेश म्हणतो, मी त्याला पुरू दिलं नाही, न जाणो, माझ्या आक्रोशानं माझा दोस्त उठेल. नंतरच्या आवृत्तीत, जी परंपरेनं सीन-लेकी-उन्नीन्नी या पंडिताच्या नावावर आहे आणि जिच्या पाट्या निनेव्हेला असिरियाच्या अशुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहात सापडल्या, तिच्यात हे वाक्य दिसत नाही. त्या ओळीशी मला ओंकारेश्वरावरचा कावळा आठवला. तो थोडा वेळ आला नसता तर मला बरं वाटलं असतं, हे तेव्हा माझं मलाच कळलं.

त्याच जुन्या पाटीत मद्य विकणारीचा प्रसिद्ध सल्ला आहे. (तिला काय म्हणावं यावरही माझा वेळ गेला, ‘गुत्तेवाली’ हा खरा मराठी शब्द, पण त्याला पोलिसांच्या धाडीचा वास येतो.) ती म्हणते, तू शोधतोस ते जीवन तुला मिळायचं नाही, देवांनी माणूस घडवला तेव्हा मरण माणसाला दिलं आणि जीवन आपल्या हातात ठेवलं. तू पोटभर जेव, स्वच्छ कपडे घाल, डोकं धू, अंघोळ कर, हात धरणाऱ्या लेकराकडे बघ. हा उतारा सगळ्यांना आवडतो. मलाही आवडायचा, मित्राला तर फारच. त्या वर्षी मात्र तो मला समाचाराला आलेल्या पाहुण्यांच्या बोलण्यासारखा वाटला. खोटं काही नाही त्यात. पण मी अंघोळ केली होती, जेवलो होतो, नातवाचा हात धरून बागेत गेलो होतो. नंतरच्या आवृत्तीत सिदुरीच्या तोंडी हा सल्ला नाही. ती फक्त समुद्रापलीकडे जायची वाट सांगते. सीन-लेकी-उन्नीन्नीनं तो काढला असेल, तर एक प्रुफंवाला म्हणून माझा त्याला पाठिंबा आहे.

मग आली तिबलची भानगड. मी पहिलं उत्तर करत होतो आणि मध्येच पाटी फुटलेली. संपादकांनी ती जागा चौकटी कंसात भरलेली. कशावरून भरली? पुढच्या उत्तरांवरून. दुसऱ्या ठिकाणी फुटलेलं तिसऱ्यावरून, तिसऱ्याचं पहिल्यावरून. निनेव्हे इसवी सनापूर्वी ६१२ मध्ये पडलं, पाट्यांचे तुकडे तुकडे झाले, आणि तरीही हा विलाप आज सलग वाचता येतो, तो मजकूर तीनदा आलाय म्हणून. माझ्यासारखा कुणी त्या दरबारात लाल शाई घेऊन बसला असता तर आपल्या हातात भोकं उरली असती.

पण हा आपल्या सोयीचा भाग झाला. पाट्या फुटणार म्हणून कवीनं तीनदा लिहिलेलं नाही. त्यानं का लिहिलं, ते मला टपरीवर कळलं. भाषांतर चालू असतानाच जुन्या ओळखीचा एक बाइंडर खूप दिवसांनी भेटला. “एकटेच? दुसरे कुठायत?” मी सांगायला लागलो: पोटात दुखायचं, आधी पित्त म्हणून दुर्लक्ष केलं, सात महिने काढले, शेवटचे दोन दिवस ओळख नव्हती. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की कागदाच्या दुकानदाराला मी याच क्रमानं, याच शब्दांत सांगितलं होतं. रिक्षावाल्यालाही. ‘शेवटचे दोन दिवस ओळख नव्हती’ इथे आवाज जरा खाली येतो, तोही प्रत्येक वेळी. पहिल्यांदा सांगताना वाक्यं कशी तयार झाली आठवत नाही. नंतर ती खिळ्यांसारखी बांधून ठेवलेलीच होती, नुसती शाई लावायची. आणि विचारणारा दर वेळी नवा. त्याला मजकूर पहिल्यांदाच येत असतो.

घरच्यांना दहा दिवस लोक येऊन विचारत होते. मला विचारणारे असे रस्त्यावर, एकेक करून, वर्षभर भेटत राहिले. गिलगामेशचंही तेच. उरुकमध्ये त्यानं सगळं साग्रसंगीत केलं होतं: आठव्या पाटीत नवरीसारखं मित्राचं तोंड झाकलं, केस उपटले, सोनार-लोहारांना बोलावून पुतळा करवला, एन्किदूसाठी वाटांना, नद्यांना, अस्वल-तरसांना रडायला सांगितलं. पण सांगून झालं नव्हतं. ते त्याला रस्त्यावर, अनोळखी माणसांना सांगावं लागलं.

शेवटच्या ओळी सर्वांत कठीण गेल्या. ‘आकी लुस्कुत, आकी लुकूल’: गप्प कसा बसू, मुकाट कसा राहू. इथवर ठीक. मग ‘इब्री शा अरम्मु इतेमी तित्तीश’. ‘तीतु’ म्हणजे ओली, चिकण माती. अरुरूनं चिमटली ती हीच, पाटी करतात तीही हीच. उरुकचा पसारा सांगताना कवी शहराइतकीच मोठी मातीची खाणही मोजतो. माझा दोस्त माती होऊन गेला. मी पहिल्या झटक्यात लिहिलं, ‘माझ्या दोस्ताची माती झाली’. वाचून पाहिलं. मराठीत माणसाची माती झाली म्हणजे त्याचं वाटोळं झालं. दारूपायी होते, जुगारापायी होते. ‘मातीत मिळाला’ म्हटलं तर शत्रूनं मिळवल्यासारखं. ‘मातीला गेला’ म्हणजे दुसऱ्याच्या मयताला जाऊन आला. आपल्याकडे मातीच्या इतक्या वाटा मरणाकडे जातात, की नुसतं माती होणं सांगायला जागाच सापडेना. सोळा पर्याय वहीत आहेत. शेवटी षष्ठी काढून टाकली. ‘माझा दोस्त, ज्याला मी जीव लावला, माती झाला.’ व्याकरणाला धरून आहे आणि कानाला खटकतं. खटकू दे म्हटलं. मग ‘मीही त्याच्यासारखा नाही का आडवा होणार, कधीच न उठण्यासाठी?’ या ओळीला काही करावं लागलं नाही, ती आली तशी आली.

त्या काळी पाटी लिहून झाली की लेखनिक कधीकधी खाली नोंद करायचे: जुन्या प्रतीप्रमाणे लिहिलं आणि तपासलं. ‘बरी’ असा त्यांचा शब्द, म्हणजे ताडून पाहिलं. आणि मूळ प्रतीच फुटलेली असली तर काही लेखनिक तिथे स्वतःचं काही न घालता ‘हेपी’ लिहायचे: फुटलंय. चौदा महिन्यांनी मी माझी वही मिटली तेव्हा माझ्या भाषांतरात हेपी बऱ्याच ठिकाणी होतं.

घरच्यांसाठी आणि छापखान्यातल्या उरलेल्या चारपाच जणांसाठी एक छोटी पुस्तिका करायची ठरवली. डीटीपीवाला पोरगा चांगला आहे, हात जलद. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. “काका, तुमचा एक परिच्छेद तीनदा आलाय. कॉपी-पेस्टमध्ये गडबड झाली असेल. दोन उडवू ना?”

“उडवू नकोस. तसाच आहे तो.”

“सेम टू सेम?”

“हो.”

संध्याकाळी प्रूफ आणलं. लाल पेन काढलं, टपरीवर बाकावर बसून तिन्ही उतारे ओळीला ओळ लावून ताडले. पहिले दोन बिनचूक. तिसऱ्यात, उता-नपिश्तीला सांगताना, ‘माझा दोस्त मात झाला’ असं पडलं होतं. समासात खूण केली आणि वेलांटी घातली.